सहानुभूतीचा तास

सकाळपासून बाबा डोळे उघडत नव्हते आणि वॉर्डात एकही डॉक्टर नव्हता. सिस्टर म्हणाली, “सगळे वरच्या हॉलमध्ये आहेत, ताई. परदेशातून मोठे सर आलेत, पेशंटच्या नातेवाइकांशी कसं बोलायचं ते शिकवायला.”

मी धावत वर गेले. दारात पोहोचते तोच सरांनी विचारलं, “सरावासाठी नातेवाईक कोण होणार?”

“मी नातेवाईकच आहे,” मी म्हणाले. “माझे वडील खाली सिरियस आहेत.”

“वा! या बाई तर लगेच भूमिकेत शिरल्या!” सर खूश झाले. अख्खा हॉल हसला.

मला पुढच्या खुर्चीवर बसवण्यात आलं. समोर आले ते नेमके बाबांवर उपचार करणारे डॉक्टर. माझा जीव भांड्यात पडला. त्यांनी मला पाणी दिलं, आपली खुर्ची जवळ ओढली आणि ते माझ्याकडे बघत हळू आवाजात म्हणाले, “बाबांची तब्येत नाजूक आहे. पण ते आम्हाला घरच्यासारखे आहेत. मी स्वतः लक्ष ठेवून आहे.”

बाबांना इथे आणल्यापासून पहिल्यांदाच कोणीतरी माझ्याशी धड बोलत होतं. मला रडू आवरेना.

टाळ्यांचा कडकडाट झाला. “जगाच्या पाठीवर कुठेही जा, असंच बोलायचं,” सर म्हणाले.

डॉक्टर उठून आपल्या जागेकडे निघाले. मी डोळे पुसत त्यांच्या मागे गेले. “डॉक्टर, मग बाबांना बघायला येताय ना?”

ते वळले.

“कोण बाबा?”