डाव्या भिंतीवरचं घड्याळ

"खुर्ची नका फिरवू शेखरभाऊ, मान फिरवा," शारदा म्हणाली.

शेखरने मान डावीकडे वळवली. ती खिडकीपर्यंत गेली आणि अडली.

"काय दिसलं?"

"खिडकी."

"मागच्या खेपेलेही खिडकीच होती. अजून थोडं. डोळे नका फिरवू, मले समजते."

समता कॉलोनीतल्या या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मानेचं माप असं घेत. डाव्या भिंतीवर आधी खिडकी, मग कॅलेंडर, मग घड्याळ. घड्याळ दिसलं की मान सुटली. शेखरची मान उजवीकडे आठवड्यातच मोकळी झाली होती. डावीकडे मात्र चार महिने खिडकीच.

मीनल डॉक्टरने एक्सरे पुन्हा उजेडात धरला. "अंकल, सब साफ है. कंप्यूटर पे बैठने वालों का तीन-चार हफ्ते में खुल जाता है. आपका क्यों अटका है?"

शेखर हसला.

शंकर नगरातल्या ऑफिसात त्याच्या डाव्या हाताला गंगाधरचं टेबल होतं. शारदाचा नवरा तो. कशावरून तरी दोघांचा अबोला होता. गेल्या वर्षी एका दुपारी गंगाधर तिथेच, खुर्चीत बसल्या बसल्या गेला. शेखर दोन हातांच्या अंतरावर बसलेला होता.

सकाळपासून मान जाम होती, वळतच नव्हती, मला दिसलंच नाही, असं त्याने साहेबांना सांगितलं. तेराव्याला शारदालाही तेच सांगितलं. कोणी शंका घेतली नाही. पुढे शारदा या दवाखान्यात कामाला लागली, दुखऱ्या स्नायूंवर चिकटपट्ट्या लावायला शिकली आणि तिनेच निरोप पाठवला, "तेव्हापासूनची मान आहे न तुमची? या आमच्याकडे."

गंगाधरचं टेबल अजून रिकामं होतं. दुपारच्या वेळी तिकडून खुर्ची कुरकुरे. शेखर स्क्रीनकडे बघत बसे. हनुवटी आत ओढायचा व्यायाम दहा वेळा करी, आकडे मोठ्याने मोजी. तरी खुर्ची कुरकुरेच.

आज त्याने विचारायचं ठरवलं होतं. शारदाने एकदा तोंडाने म्हणावं, तुमचा दोष नाही. बस, तेवढंच.

शारदाने निळी पट्टी कापली, कात्रीने तिचे कोपरे गोल केले. "कोपरे राहिले की कॉलरले लागून निघते. वाका."

तो वाकला. तिने पट्टी मानेवर बसवली आणि अंगठ्याने घासू लागली. तिच्या मनगटात गंगाधरचं घड्याळ होतं. सैल. घासताना ते त्याच्या कानामागे लागे.

"वहिनी, एक विचारू?"

"विचारा न. मान खालीच ठेवा."

"मी दोन हातांवर होतो. तुमच्या मनात काही..."

अंगठा थांबला नाही. "मान जाम होती न तुमची?"

"हव."

"मग? जाम मानेचा माणूस काय करील?"

शेखरचा श्वास सुटला. खांदे आपोआप खाली आले. वर्षभर छातीवर बसलेलं कोणीतरी उठून गेल्यासारखं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने वाकल्या वाकल्याच पुसलं.

"गरम झाली पट्टी, चिकटली. आता वळवा."

त्याने मान वळवली. खिडकी आली, मागे गेली. कॅलेंडर आलं. मान अडली नाही.

"घड्याळ," तो म्हणाला. "वहिनी, घड्याळ दिसलं."

"अरे वा अंकल," मीनल टेबलावरून म्हणाली.

"किती वाजले?" शारदाने विचारलं.

"तीन वीस."

शारदा पट्टीचा रोल गुंडाळत घड्याळाखालच्या स्टुलावर जाऊन बसली. आता ती त्याला समोर दिसत होती.

"त्या दिवशी तीन वीसलेच फोन आला होता त्यांचा," ती म्हणाली. "छातीत दुखून राहिलं म्हणे. पण घाबरू नको म्हणे, शेखरनं वळून पाह्यलं माझ्याकडे, येऊनच राहिला तो. म्हणून मग मी दुसऱ्या कोणाले फोन नाही केला."