मागच्या सीटखालचा कागद

ओहायोतल्या एका कोठारात, गाडी विकत घेण्याआधी तपासायला आलेल्या वेंडेलने जुन्या लाल गाडीची मागची सीट उचलली. खाली स्प्रिंगांत कारखान्याचा पिवळा पडलेला कागद होता. गाडी दमदार इंजिनाच्या अस्सल मॉडेलची, याचा तोच पुरावा.

"आमच्या म्हाताऱ्याने शोरूममधून कोरी आणलेली. हवं तर विचारा, आत टीव्ही बघतोय," मालक डेल म्हणाला.

कागदावरचा चॅसी नंबर पुढच्या काचेखालच्या नंबराच्या पाटीशी जुळेना. पण कागदावरचा नंबर वेंडेलला तोंडपाठ होता. अनेक वर्षांपूर्वी त्याचा भाऊ एल्डन त्याच नंबरची गाडी घेऊन गेला, तो परतलाच नाही. आई मरेपर्यंत शेरिफला फोनवर तो नंबर सांगत होती.

"नकली निघाली की काय?"

"गाडी अस्सल आहे. पाटी नकली आहे." वेंडेलने कागद घडी करून खिशात घातला. "आत जा आणि म्हाताऱ्याला विचार, आमच्या एल्डनला कुठे पुरलंय."