निखाऱ्याएवढी वीज

ऑस्ट्रेलियातल्या वॉनथॅगीच्या कोळसा-खाणवस्तीतल्या शेडमध्ये नोरीन आठ दिव्यांपुढे हताश बसली होती. टेलिफोनच्या भंगारातल्या रिलेंवर, म्हणजे विजेने उघडझाप करणाऱ्या खटक्यांवर, तिने गणकयंत्राची स्मृती उभारली होती. प्रत्येक दिव्याची किंमत आधीच्याच्या दुप्पट; पेटलेल्या दिव्यांची बेरीज करून आकडा ओळखायचा. पण नवा पेटला, की आधीचे विझत. तासाभरात विद्यापीठाचे प्राध्यापक येणार. आकडा टिकला, तरच तिला तिथे नोकरी. “दिव्यातली थंड तार एकदम वीज ओढते, बाकीचे उपाशी राहतात,” ती चहा घेऊन आलेल्या आईला म्हणाली. “मग थंड होऊ कशाला देतेस? मी रात्रभर चुलीत निखारा राखते, तो शोभेला?” नोरीनने जोडणी बदलून विझलेल्या दिव्यांतही किंचित वीज खेळती ठेवली. तारा लालसर झाल्या. “आई, एक आकडा सांग.” “दोनशे सतरा.” खाणीतून न परतलेल्या बाबांच्या बिल्ल्याचा क्रमांक. पाच दिवे उजळले, ते उजळलेच राहिले. प्राध्यापकांची मोटार थांबली. आईने डोळे पुसले. “थांबतील ते! आधी मला हा आकडा बघू दे.”