ह्यांच्या हातचं

“ह्यांनीच शिवलाय,” ती बोलून गेली आणि मग तिनं जीभ चावली. पण तोंडातून सुटलेला शब्द कुठला परत यायला.

टेबलापलीकडच्या साहेबांनी मास्तरांच्या शर्टाचं कौतुक केलं होतं, एवढंच. कॉलर काय बसलीय, हल्ली असं काम बघायला मिळत नाही, कुठल्या टेलरकडचा, असं सहज विचारलं होतं. आजारपणाच्या सरकारी भत्त्यासाठीची ही शेवटची मुलाखत. मास्तरांच्यानं आता शिवणकाम होत नाही हे साहेबांना पटवायचं होतं. आणि तिथं सख्ख्या बायकोनंच सांगून टाकलं, की नवरा असे झकास शर्ट शिवतो. आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर तो असा.

तिचं तरी काय चुकलं? जन्मभर तिची जीभ ह्याच वळणानं गेली होती. दुकानाच्या पाटीवर नाव मास्तरांचं. मापं मास्तर घेत, गिऱ्हाइकांशी गप्पा मास्तर मारत. ती पडद्यामागं दुसऱ्या मशीनवर. आधी तिच्याकडे नुसती काज-बटणं होती, मग बाह्या आल्या, मग अख्खे सूट कधी येऊ लागले ते दोघांनाही कळलं नाही. गिऱ्हाईक खूश झालं की ती पडद्याआडून सांगायची, ह्यांच्या हातचं आहे. गिऱ्हाइकालाही तेच ऐकायचं असायचं. मास्तर मागाहून हसत म्हणायचे, मेहनत तुझी आणि मिशीला पीळ माझा.

मग मास्तरांना घशाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये मानेतल्या गाठी काढल्या, त्यात उजव्या खांद्याची नस गेली. खांदा पडला, हात वर होईना. आवाज बसला तो बसलाच. औषधांनी बोटं बधिर झाली. बातमी फुटली तशी गिऱ्हाइकं पांगली. मास्तरांचा हातच गेला म्हटल्यावर कापड टाकायचं कुणाकडे? मी शिवते ना, असं ती प्रत्येकाला सांगायची. लोक बरं बरं म्हणायचे आणि चेन बदलायला तेवढी एखादी पँट ठेवून जायचे. भाडं थकलं, दुकान सुटलं, मशीन घराच्या कोपऱ्यात येऊन बसलं. मास्तर गोळ्या एक दिवसाआड घ्यायला लागले आणि वर तिलाच सांगायचे, रोज घेतल्या की मळमळतं. आता सगळी मदार ह्या भत्त्यावर होती.

समोरच्या इस्त्रीवाल्यानं बजावलं होतं, ढगळ कपड्यांत ने, दाढी वाढू दे, माणूस रोगी दिसायला नको का? तिनं ऐकलं नाही. मास्तर चारचौघांत जाणार आणि शर्टाला झोळ? छे. तिनं त्यांचं उतरलेलं अंग नव्यानं मापलं. पडलेल्या खांद्याला आतून पॅड लावलं आणि दोन्ही खांदे एका रेषेत आणले. आता साहेब त्याच खांद्यांकडे बघत होते.

साहेबांनी फाइल मिटली. माणूस वाईट नव्हता, आवाजही चढवला नाही. रिपोर्ट खरे आहेत, आजार कुणी नाकारत नाही, म्हणाले, पण असा शर्ट शिवणाऱ्याला काम होत नाही असं मी कुठल्या तोंडानं लिहू. मास्तरांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली.

तशी ती उठली. टेबलावरच्या डबीतली टाचणी उचलली, मास्तरांचा उजवा हात ओढून घेतला आणि टाचणी त्यांच्या बोटाच्या टोकात खुपसली. रक्ताचा टपोरा थेंब आला. मास्तरांनी हूं की चूं केलं नाही. त्यांचं बोटाकडे लक्षच नव्हतं. ही रडतेय का, म्हणून ते तिच्या तोंडाकडे बघत होते.

“साहेब, ह्यांना हातात सुई आहे की नाही तेसुद्धा कळत नाही. शर्ट मी शिवलाय. बेतलासुद्धा मीच.”

साहेब खुर्चीतून उठून जवळ आले. तिनं मास्तरांची वरची बटणं काढली, पडलेला खांदा दाखवला, आतलं पॅड दाखवलं. मग तिला राहवेना. एका बाजूचा उतार कसा काढला, रेघांचं कापड असून खांद्यावर रेघेला रेघ कशी जुळवली, काखेत चुणी का पडली नाही, सगळं सांगत सुटली. सगळा जन्म पडद्यामागं गेलेला, आज कुणीतरी कान देऊन ऐकत होतं. मास्तर मान डोलवत होते. त्यांचे डोळे भरून आले होते.

साहेब जागेवर जाऊन बसले आणि त्यांनी अर्जावर लिहिलं, काम करण्यास असमर्थ. ते तिनं उलट्या बाजूनं वाचलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. पावला बाई देव, ती मनात म्हणाली. मास्तरांच्या बोटावरचं रक्त तिनं पदरानं टिपलं.

साहेबांनी पान उलटलं. पुढची अट त्यांनी मोठ्यानं वाचली, घरात दुसरं कुणी कमावण्याजोगं असेल तर भत्ता मिळणार नाही. त्याखाली पत्नीचा व्यवसाय विचारला होता. तिथं तिनं स्वतःच्या हातानं ‘गृहिणी’ लिहिलेलं होतं. साहेबांनी मान वर केली आणि तिच्याकडे बघून मनापासून हसले.

“बाई, एवढी कला हातात असताना स्वतःला कमी कशाला लेखता?”

आणि त्यांनी ‘गृहिणी’ खोडून, अगदी आदरानं, वळणदार अक्षरात लिहिलं, ‘टेलर’.