लेकीच्या घरचं पाणी

“सरी, आता आण बघू तुझ्या घरचं पाणी,” ओसरीवर ऐसपैस बसत मालोजीराव लेकीला म्हणाले. बेंगळूरच्या सवयीनं ‘बरं’ला ते ‘सरी’च म्हणत. बाळंतपण उरकून राजलक्ष्मीला आणि नातवाला ते आज सासरी पोचवायला आले होते. पहिलं मूल होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा घराण्याचा रिवाज त्यांनी इतकी वर्षं पाळला होता.

बेंगळूरहून या समुद्रकाठच्या खाणीच्या गावी यायचं, ते फिरकीच्या तांब्यात चिकपेटेतल्या घरचं पाणी घेऊनच. सकाळच्या मोटारीनं यायचं, संध्याकाळच्या मोटारीनं परत. एकदा पाणी संपलं, तर तसेच तहानलेले गाडीत बसले आणि वर आपल्या कापडदुकानात ते अभिमानानं सांगत सुटले.

गावातून खनिजाच्या लॉऱ्या दिवसभर धावत. तुळस तांबडी, दोरीवरची धोतरं तांबडी, किनाऱ्याला येणारी लाटही तांबडी. मालोजीरावांना दिसत नव्हतं, असं कसं म्हणावं? पण हे स्थळ त्यांनीच हौसेनं ठरवलेलं. जावयाला कंपनीत नोकरी, स्वतःचं कौलारू घर. धूळ काय, झटकली की जाते! लेक वाळत चालली, तेव्हा संसाराची दगदग म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली. बाळंतपणाला माहेरी येऊन ती अंगानं भरली, तर त्याचं श्रेय डिंकाच्या लाडवांना दिलं.

राजलक्ष्मीनं पेला पुढे केला. मालोजीरावांनी तो आनंदानं तोंडाला लावला. गंजका खिळा चोखावा तशी चव जिभेवर पसरली, मागून रॉकेलचा उग्र वास आला. घोट त्यांनी कसाबसा गिळला.

“रोज हेच पिता?”

“गाळून, उकळून. विहीर एवढी एकच आहे, अण्णा.”

पाळण्यातल्या नातवाकडे बघायचा मालोजीरावांना धीर होईना. आपणच हिला इथं आणून टाकलं, आणि दर वेळी येऊन पाहुण्यासारखे बसून गेलो.

“एका शब्दानं बोलली नाहीस, अक्का?” लेकीला ते लाडानं अक्का म्हणत.

“सासरचं गाऱ्हाणं माहेरी आणायचं नाही, असं पाठवणीच्या वेळी तुम्हीच बजावलं होतंत.” तिनं पेला त्यांच्या हातातून काढून घेतला. “बायका नवस बोलतात ते मूल व्हावं म्हणून. मी बोलले ते, एकदा तुम्ही हे पाणी प्यावं म्हणून.”