तात्यांचं सभागृह

“नाय होनार,” जाळं सांधता सांधता नामदेव तात्या म्हणाले. मान वर केली नाही.

ओटीवरच्या एकुलत्या खुर्चीत बळवंतराव बसले होते. पालघरातले उगवते पुढारी. मांडीवर नकाशाची गुंडाळी. किनाऱ्यालगतच्या मैदानात सभागृह बांधायचं, खाली दुकानांचे गाळे काढायचे, असा त्यांचा बेत होता. मैदान पंचायतीचं आणि तात्या सरपंच. त्या मैदानात गावच्या बाया दोऱ्या बांधून बोंबील वाळवायच्या.

“तात्या, विकासाला नाही म्हणताय तुम्ही.”

“विकासाला नाय. बायांनी बोंबील काय तुमच्या गाळ्यांत वाळवायचे?”

वत्सला चहा घेऊन आली आणि तात्यांच्या नकाराने नेहमीसारखी शरमली. तात्यांची ही मुलगी पालघरला शाळेत शिकवायची, पुष्कळ वाचायची. पुढारी म्हणजे लोकांना स्वप्नं दाखवणारा माणूस, असं तिने वाचलेल्या बऱ्याच पुस्तकांत होतं. बळवंतराव त्यात चपखल बसत. ते कुणालाच नाही म्हणत नसत. जेटी? होईल. दवाखाना? होईल. तारापूरहून थेट गावात वीज? होईल. भरती जरा उशिरा यावी असं कुणी म्हटलं असतं, तर तेही वरती बोलून घेतो म्हणाले असते. तात्यांनी मात्र इतक्या वर्षांत दोनदाच ‘होईल’ म्हटलं होतं, एकदा विहिरीला आणि एकदा बंधाऱ्याला. विहिरीला पाणी होतं. बंधारा उभा होता.

संध्याकाळी ती म्हणाली, “तात्या, निदान ‘बघू’ तरी म्हणावं. माणसं दुखावतात.”

“बघू म्हटलं का मानूस परत येतो. परत परत येतो. आपलं काय जात नाय, त्याच्या चपला झिजतात.” तात्यांनी दोरा दातांनी तोडला. “तुला कुनाला नाय म्हनताच येत नाय, वत्सू. एवढी शिकलीस, तेवढं शीक.”

“बघू,” वत्सला म्हणाली. दोघंही हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या ओटीवर जाळ्याशेजारी कलंडले, ते उठले नाहीत.

शोकसभा मैदानातच ठेवली. मांडवासाठी बायांनी दोऱ्या सोडल्या, बांबू उपटले. एका दिवसाचा तर प्रश्न, असं त्यांना सांगितलं होतं. मंचावर हार घातलेला फोटो होता. फोटोवाल्याने कितीदा विनवलं तरी तात्या हसले नव्हते. त्यालाही आत्ता नकारच देणार, असा चेहरा होता.

बळवंतरावांनी माइक हातात घेतला. “तात्यांनी कधी कुणाला विन्मुख पाठवलं नाही. ‘नाही’ हा शब्दच त्यांच्या तोंडी नव्हता!”

टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढच्या रांगेतली जमनाकाकी शेजारणीला म्हणाली, “हा कुनाबद्दल बोलतो? चुकून दुसऱ्याच्या मयताला आला काय?”

मग फोटोमागचा पडदा सरला. नकाशा तोच होता. फक्त वरच्या नावावर नवा कागद डकवला होता: ‘कै. नामदेव तात्या स्मृती सभागृह’. खाली गाळे, समोर पुतळा. पुतळा हात उंचावून सगळ्यांना आशीर्वाद देत होता.

“आनि बोंबील?” जमनाकाकी उठून ओरडली. “दोऱ्या कुटं बांधू? पुतल्याच्या हाताला?”

“होईल काकी, सोय होईल.” बळवंतरावांनी रुमालाने डोळे टिपले. “पण तात्यांच्या नावाला या गावात कोण हरकत घेणार?”

कुणीच घेतली नाही. पंचायतीचे सभासद फोटोकडे बघून माना डोलावत होते. जमनाकाकीही खाली बसली. जिवंत तात्यांशी ती वर्षानुवर्षं भांडली होती, हार घातलेल्या तात्यांशी कसं भांडावं ते तिला कळेना.

“कुटुंबाची संमती आहेच. ताई, दोन शब्द.” बळवंतरावांनी माइक वत्सलाच्या हातात दिला आणि हळूच म्हणाले, “नुसतं हो म्हणा. रडू आलं तरी चालेल. उलट बरंच.”

तिला रडू येत नव्हतं. बोलायला चांगलं भाषण तयार होतं, तेही आता आठवेना. मांडवाच्या कडेला वाळूत बांबूंची भोकं तशीच होती. आठवला तो एकच शब्द, तात्यांना तिने शेवटचा दिलेला. बघू.

तिने माइक तोंडाशी धरला. भोंग्यातून आवाज पार बोटींपर्यंत गेला.

“नाय होनार.”