वहिनींची खिडकी

"कादंबरीतल्या वहिनी वारल्या ती जागा कुठली हो, काकू?" माजघरात शिरताच एका मुलीनं विचारलं.

काकूंचे सासरे कवी, नवरा नाटककार, दीर कादंबरीकार. असलं घर बघायला गावात लांबलांबून गाड्या येत आणि हा प्रश्न ठरलेलाच. काकूंनी हातातल्या पळीनं दाखवलं. "त्या खिडकीशी. तापानं गेल्या. दुपारची जेवणं आटोपल्यावर."

कादंबरीतल्या वहिनी म्हणजे खुद्द काकूच. पुस्तक छापून आलं तेव्हा त्यांनी दिरांना विचारलंही होतं, "भावजी, मला का हो मारलंत?"

"त्याशिवाय पुस्तक संपेना, वहिनी," दीर म्हणाले. काकू भात उतरवायला निघून गेल्या.

आज ती मुलगी मात्र खिडकीशी बसून हुंदके देऊन रडायला लागली. काकू बघतच राहिल्या. काकूंना ताप खरोखरच आला होता. महिनाभर त्या तिथेच पडून होत्या. घरातले तिघेही तेव्हा लिहीत होते. डोळे कुणाचेच ओले झाले नव्हते.

पाहुण्यांच्या पंगतीत काकूंनी त्या मुलीच्या पानात न विचारता आणखी एक मोदक वाढला.

"पुरे, काकू!"

"घे गं," काकू म्हणाल्या, "वहिनींना बरं वाटेल."